अंगात दुसराच असेल, तर 'हो' कोणाचं?

देहबदलाच्या चित्रपटांतल्या संमतीविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : 'वंडर वुमन 1984' मी प्रेमकथा म्हणून पाहिला आणि मला आवडला. माझी मैत्रीण म्हणते, त्यात नायिका एका अनोळखी पुरुषाच्या शरीराचा गैरवापर करते. हे ओढूनताणून आणलेलं नाही का?

नाही. पडद्यावर काय घडतं तेवढंच आधी पाहू. 2020 सालच्या या चित्रपटात नायिका डायना, म्हणजेच वंडर वुमन, हिच्या हाती इच्छा पुरी करणारा दगड येतो आणि आधीच्या चित्रपटात मेलेला तिचा प्रियकर स्टीव्ह परत येतो. तो स्वतःच्या शरीरात येत नाही, एका धडधाकट, जिवंत माणसाच्या शरीरात येतो. त्या माणसाचं घर आहे, कपडे आहेत, पलंग आहे. डायना आणि स्टीव्ह त्याच्याच घरात रात्र काढतात, पुढे त्याच्याच शरीरानिशी मारामारीत आणि गोळीबारात उतरतात. हा माणूस त्या काळात कुठे होता, त्याला काही जाणवत होतं का, त्याची कोणी वाट पाहत होतं का, याबद्दल चित्रपट चकार शब्द काढत नाही. श्रेयनामावलीत त्याला नावसुद्धा नाही. तिथे तो नुसता 'हँडसम मॅन' आहे.

तरीही तुम्हाला ती प्रेमकथा वाटली, यात तुमचा दोष नाही. ती करामत कॅमेऱ्याची आहे. देहबदल दाखवायच्या दोन रीती आहेत. एकीत शरीर ज्याचं, त्याचाच नट दिसत राहतो आणि तो दुसऱ्याच्या लकबी उचलतो. 'फ्रीकी फ्रायडे'मध्ये आई-मुलीची अदलाबदल होते, ती अशी. दुसऱ्या रीतीत मन ज्याचं, त्याचा नट दिसतो. इथे डायनाला स्टीव्हच दिसतो, म्हणून आपल्यालाही स्टीव्हचा नट ख्रिस पाइन दिसतो. खरा चेहरा आरशात तेवढा डोकावतो. पहिल्या रीतीत शरीराचा मालक कायम डोळ्यांसमोर असतो. दुसरीत तो पाच मिनिटांत विस्मरणात जातो. मैत्रिणीचं म्हणणं तपासायचं असेल, तर एकच प्रयोग करा : सकाळी पलंगावर दोघं दिसतात त्या दृश्यात मनातल्या मनात पाइनच्या जागी आरशातला माणूस ठेवा. गाण्याचा सूर तोच ठेवून पाहा, दृश्य तेच वाटतं का.

डायनाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा असा, की शरीर तिने निवडलं नव्हतं. तिला तर आपली इच्छा पुरी होईल याचीही कल्पना नव्हती. मुद्दा खरा आहे, पण तो इच्छेपुरताच लागू पडतो. रात्रीपर्यंत दोघांनाही ठाऊक असतं की शरीर परक्याचं आहे. तिथून पुढचा निर्णय त्यांचा. डायनाला कोणाला इजा करायची नव्हती हेही खरंच. पण हेतू वाईट नव्हता म्हणून संमती होती असं होत नाही. ती दोन गणितं वेगळी आहेत, आणि या चित्रपटावरचे निम्मे वाद ती एकत्र सोडवायला गेल्यानेच फसतात.

आम्हाला खटकतं ते वेगळंच. याच चित्रपटात बार्बरा या सहकारी बाईच्या अंगचटीला येणाऱ्या दारुड्यापासून डायना तिला सोडवते. म्हणजे नकार आणि बळजोरी म्हणजे काय, हे पटकथेला नीट माहीत आहे. शिवाय प्रत्येक इच्छेची किंमत मोजावी लागते हा कथेचा कणा आहे : डायनाची शक्ती ओसरते, ती किंमत आपल्याला तपशीलवार दाखवली जाते. त्या माणसाने मोजलेली किंमत मात्र हिशेबातच धरलेली नाही. बरं, याच दगडामुळे कथेत हवेतून अख्खी भिंत उभी राहते. स्टीव्हला एक शरीर देणं त्याला जड गेलं नसतं.

प्रश्न : जादूच्या गोष्टीला खऱ्या जगाचे कायदे लावणं हा रडीचा डाव नाही का?

कायदे लावू नका. पण कथा स्वतःच ज्या भावना खऱ्या मानते, त्या तिला लावायलाच हव्यात. नायिकेचा विरह खरा, तिचे अश्रू खरे, आणि तिसऱ्याचं शरीर तेवढं काल्पनिक, असं चालत नाही.

कायद्याचा उपयोग वेगळ्या कारणासाठी होतो. 'संमती' म्हणजे नेमकं काय, हे त्यात घासूनपुसून मांडलेलं असतं. इंग्लंड आणि वेल्सच्या 2003 च्या लैंगिक गुन्हे कायद्याचं 74 वं कलम म्हणतं की संमती म्हणजे स्वतःच्या निवडीने दिलेला होकार, आणि ती निवड करण्याचं स्वातंत्र्य व क्षमता दोन्ही हवीत. 76 व्या कलमानुसार समोरच्याच्या ओळखीतल्या माणसाचं सोंग घेऊन मुद्दाम मिळवलेला होकार हा होकारच नव्हे. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या 63 व्या कलमात, आपण नवरा नाही हे ठाऊक असलेल्या पुरुषाने, समोरची स्त्री आपल्याला नवरा समजते आहे याचा फायदा घेतला, तर तो बलात्कार ठरतो. संमती कळवायला ती असमर्थ असेल, तर तेही तिथेच येतं. मात्र या कलमात पीडित व्यक्ती स्त्रीच धरलेली आहे, त्यामुळे वरच्या चित्रपटातला तो निनावी माणूस त्यात बसत नाही.

एवढ्यावरून देहबदलाच्या कथांत दोन वेगळे दोष ओळखता येतात. एक : शरीराचा मालक 'हो' किंवा 'नाही' म्हणायला हजरच नाही, त्याची अवस्था बेशुद्ध माणसासारखी आहे. दुसरा : जोडीदाराला वाटतं समोर अमुक आहे, आणि असतो तमुक. काही कथांत दोन्ही असतात. वाद घालताना आपण कोणत्या दोषाबद्दल बोलतोय ते आधी सांगितलं, की अर्धा तास वाचतो.

प्रश्न : परकायाप्रवेश तर आपल्या कथांत पूर्वापार आहे. तेव्हा कोणी असे प्रश्न विचारले नव्हते, मग आत्ताच का?

विचारले होते. आपण ते कथेचा भाग म्हणून ऐकत आलो, इतकंच.

आदि शंकराचार्यांची प्रसिद्ध आख्यायिका घ्या. मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती वादात कामशास्त्रावर प्रश्न विचारते. आचार्य संन्यासी. ते मुदत मागून घेतात आणि अमरुक राजाच्या देहात शिरतात. कथाकाराने इथे किती काळजी घेतली आहे पाहा : राजा नुकताच मेलेला आहे, म्हणजे ज्याचा देह वापरायचा तो हक्क सांगायला उरलेला नाही. आचार्यांचा स्वतःचा देह शिष्य राखत बसतात. पहिला दोष त्यामुळे जवळजवळ मिटतो. दुसरा उरतो, कारण राण्यांना हे ठाऊक नाही. पण कथा त्यांना भोळ्या ठेवत नाही. राजा एकाएकी इतका शहाणा कसा झाला, असा संशय येतोच, आणि राज्यातली प्रेतं शोधून जाळायचा हुकूम सुटतो, म्हणजे आत आलेल्याला परत जाता येऊ नये. फसवणुकीला उत्तर देणारं कोणीतरी कथेत आहे.

इंद्राने गौतमाचं रूप घेऊन अहल्येला गाठलं, हा शुद्ध सोंगाचा प्रकार. तिला ते कळलं होतं की नव्हतं, यावर वेगवेगळ्या पाठांत वेगवेगळं उत्तर आहे. वाल्मीकी रामायणात तिने इंद्राला ओळखल्याचं म्हटलं आहे. म्हणजे 'तिला काय माहीत होतं' हाच कळीचा प्रश्न आहे, हे जुन्या कथाकारांनाही दिसत होतं. वेताळाच्या गोष्टीत एका बाईच्या नवऱ्याची आणि दुसऱ्या एका पुरुषाची मुंडकी उलटसुलट बसतात आणि नवरा कोण असा पेच पडतो. राजा म्हणतो, ज्याला नवऱ्याचं डोकं तो नवरा. उत्तर झटपट आहे, पण त्या बाईला कोणीच विचारत नाही.

प्रश्न : मी विनोदी पटकथा लिहितोय. दोन मित्रांच्या देहांची अदलाबदल होते. एक विवाहित, दुसरा सडाफटिंग. सड्याला मित्राच्या घरी, मित्राच्या बायकोबरोबर रात्र काढावी लागते. हशा हवाय, पण प्रेक्षकाला किळस यायला नको. कसं लिहू?

लिहायला बसण्याआधी प्रत्येक जवळिकीच्या दृश्यासाठी चार रकाने आखा : शरीर कोणाचं, मन कोणाचं, समोरच्याला काय माहीत आहे, आणि शरीराचा मालक या क्षणी कुठे आहे व शुद्धीवर आहे का. तुमच्या कथेत चौथा रकाना सोपा आहे : मालक दुसऱ्या शरीरात जागा आहे आणि फोन उचलू शकतो. त्याला विचारता येतं, हे तुमचं मोठं भांडवल आहे. खड्डा आहे तो तिसऱ्या रकान्यात. बायकोला काहीच माहीत नसेल आणि दृश्य शय्येपर्यंत जात असेल, तर ते फाडा. नवऱ्याने मित्राला परवानगी दिली, ही पळवाट तर मुळीच वापरू नका. तिच्या वतीने होकार द्यायला तो कोण?

हशा टाळाटाळीतून काढा. पाठदुखी, उपास, ऑफिसचा फोन, अचानक सुचलेली योगनिद्रा : सबबी संपत जातात तसा विनोद चढतो. पण तीन ठिकाणी हे हटकून बिघडतं. पहिलं, 'थोडक्यात वाचलो' हा प्रसंग दुसऱ्यांदा आला की प्रेक्षक हसण्याऐवजी त्या बाईसाठी घाबरू लागतो, म्हणून एकदाच. दुसरं, तिची इच्छा हाच विनोदाचा विषय होतो. नवरा टाळतोय याचं तिला वाईट वाटणारच, तेव्हा ते दुखणं एका दृश्यात तरी खरं लिहा. तिसरं, शेवटी सगळं कळल्यावर ती हसून सोडून देते. तसं लिहिलंत, तर आधीचं सगळं सांभाळलेलं वाया गेलं. तिला चिडायला, विचारायला, 'त्या दिवशी माझ्याशी कोण बोललं?' म्हणायला किमान एक-दोन पानं द्या.

याहून चांगला मार्ग म्हणजे तिला लवकर कळू देणं. 110 पानांची पटकथा असेल, तर तिसाव्या ते चाळिसाव्या पानाच्या आसपास. लेखक घाबरतात की गुपित फुटलं तर गंमत संपेल. उलट आहे : मग तिघं मिळून सासरच्या मंडळींसमोर नाटक वठवतात, आणि विनोदाला तिसरं डोकं मिळतं.

अंघोळ, कपडे बदलणं, संडास यांचं काय, हे प्रेक्षक विचारतोच. गरज आणि कुतूहल यांत रेघ ओढा. 2016 च्या 'युअर नेम' या जपानी चित्रपटात अदलाबदल झालेले मुलगा-मुलगी एकमेकांना नियम घालून देतात (अंघोळ बंद, हाही त्यात) आणि फोनमध्ये दिवसभराच्या नोंदी ठेवतात. नियम पूर्ण पाळले जात नाहीत, पण एकाने हद्द आखली आहे आणि ती मोडली की दुसरा चिडतो, एवढ्यानेच शरीराला मालक आहे हे ठसतं.

आणि सड्याच्या घराकडे विसरू नका. विवाहित मित्र तिकडे त्याच्या शरीरात आहे. सड्याची मैत्रीण दार वाजवू शकते. बहुतेक पटकथांत ही बाजू बिनधास्त सोडलेली असते, कारण लेखकाला ती 'मजा' वाटते. नियम दोन्ही घरांना एकच.

प्रश्न : आमच्या फिल्म क्लबमध्ये या विषयावर वाद ठेवायचा आहे. गेल्या वेळी नुसता आरडाओरडा झाला.

विषयाचं वाक्य बदलून पाहा. 'अमुक चित्रपट बलात्काराचं समर्थन करतो का?' असं विचारलंत, की लोक चित्रपटाचे वकील तरी होतात किंवा फिर्यादी. त्याऐवजी 'शरीराच्या मालकाला आवाज न देणं हे या कथेचं अपयश आहे' असं विधान ठेवा. ते मान्यही करता येतं, खोडताही येतं, आणि उत्तर पटकथेतच शोधावं लागतं.

नव्वद मिनिटं असतील तर पहिली पंधरा निव्वळ घटनाक्रमाला द्या. वर सांगितलेले चार रकाने फळ्यावर सगळ्यांनी मिळून भरा. मत मांडायला बंदी. मग दोन्ही बाजूंचे तीन-तीन वक्ते, प्रत्येकी पाच मिनिटं. त्यानंतर वीस मिनिटं बाजू बदलून : विरोधकांनी समर्थकांचा सर्वांत चांगला मुद्दा मांडायचा. उरलेला वेळ खुली चर्चा. 'अहो, सिनेमाच आहे तो' हे वाक्य दहाव्या मिनिटाला येणारच, तेव्हा त्याचं उत्तर सूत्रधाराने आधीच तयार ठेवावं.

तुलनेला दुसरा चित्रपट हवाच, नाहीतर सगळा राग एका नायिकेवर निघतो. 1999 चा 'बीइंग जॉन माल्कोविच' चांगला. तिथे लोक एका नटाच्या डोक्यात शिरतात, त्याच्या शरीरातून दुसऱ्यांशी संबंधही ठेवतात. पण माल्कोविचला ते कळतं, तो संतापतो, हे बंद करा म्हणतो, आणि त्याचं ऐकलं जात नाही. चित्रपट तितकाच विचित्र, पण प्रेक्षक कोणाच्या बाजूने हळहळतो पाहा.

विषय काय आहे हे निमंत्रणातच लिहा. कोणालाही मध्येच उठून जाता यावं, कारण विचारू नये. आणि 'तुमच्यापैकी कोणाला असा अनुभव?' हा प्रश्न सूत्रधाराने चुकूनही टाकू नये.

प्रश्न : नवरा-बायकोच एकमेकांच्या शरीरात गेले आणि दोघांनाही ते ठाऊक असेल, तर?

मग वरच्यापैकी एकही दोष राहत नाही. दोघं जागे आहेत, दोघांना सगळं माहीत आहे, तिसरं कोणी नाही. फक्त अदलाबदलीआधीचा होकार इथे पुरत नाही. आता शरीरंही वेगळी आणि अनुभवही वेगळा, तेव्हा दोघांनी पुन्हा एकमेकांना विचारायचं. खरं तर या जोडप्यावर कोणीतरी चित्रपट लिहायला हवा. तो संवाद लिहिणं सोपं नाही, म्हणूनच बहुधा लेखक आरशासमोरच्या किंकाळीवर भागवतात.