रेकॉर्डिंगमध्ये आवाज तुटतोय? आधी हे बघ

भाऊ, सेट-टॉप बॉक्सवरचं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करताना आवाज तुटत असेल, तर कॅप्चर कार्ड (बॉक्सचं चित्र-आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारं उपकरण) लगेच बदलू नको. आधी सेट-टॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या वायरी थेट टीव्हीला लावून ऐक. तिथंही खरखर आली तर दोष वायरीत किंवा सिग्नलमध्ये आहे. टीव्हीवर आवाज स्वच्छ असेल तर विंडोजमध्ये आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) एकच ठेव, दोन्हीकडे ४८००० हर्ट्झ. एकीकडे ४४१०० राहिला की टकटक येऊ शकते किंवा आवाज चित्रापासून हळूहळू सरकत जातो. मला तरी बहुतेक वेळा दुखणं इथंच सापडलंय.

कार्ड यूएसबी हबमध्ये (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीत) नको, थेट कॉम्प्युटरच्या मागच्या यूएसबी पोर्टात लाव. आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्याआधी कॅबिनेटमधली धूळ काढच. प्रोसेसर फार तापला की वेग कमी करतो, मग रेकॉर्डिंग अडखळू शकतं. सतत गुणगुण येत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घे.