स्वस्तातली डिस्क गोल्फची (फ्रिसबीसारख्या चकत्या टोपलीत फेकायचा खेळ) बॅग सारखी कलंडते, घरच्या घरी फ्रेम कशी करू?

भावा, नवी बॅग घेऊ नको. तळ आणि पाठ ताठ झाली की ती उभी राहते.

उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉपांच्या भागात, लोखंडी सळईची फ्रेम वेल्डिंग करून मिळेल, पण ते ओझं खांद्यावर कोण वागवणार? एक डिस्क साधारण 175 ग्रॅमची, पंधरा भरल्या की अडीच किलोच्या वर आधीच झालं. अर्धा इंची पीव्हीसी पाइप घे. चार एल्बो (काटकोनी जोड) लावून तळाचा चौकोन कर, मागच्या बाजूला कोपऱ्यांलगत दोन टी (तीन तोंडांचे जोड) घाल, त्यांतून दोन पाइप सरळ वर काढ आणि वरून आडवा जोड. डिस्क 21 सेंमीच्या आसपास असते, म्हणून आतली रुंदी 23 सेंमी तरी ठेव, नाहीतर डिस्क काढताना बोटं अडकतात. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावायच्या आधी सगळं सुकंच जोडून बॅगेत घालून बघ. एकदा चिकटलं की सुटायचं नाव घेत नाही.

तळाला पुठ्ठा नको, आपल्याकडच्या पावसात त्याचा लगदाच होणार. जुन्या जाहिरातीच्या बोर्डाची सनपॅक शीट (आतून पोकळ प्लॅस्टिकची) कापून घाल. उभे पाइप पट्ट्यांच्या शिलाईपाशी केबल टायने आवळ.