गोधडी चोखणारी मनी

प्रश्न : मागच्या दिवाळीत कापसाच्या ढिगात मांजरीचं पिल्लू सापडलं, डोळे नुकतेच उघडलेले, माय काही आली नाही. आता मोठी झाली तरी रोज रात्री माह्या गोधडीवर पंजे दाबत बसते न् कोपरा चोखून पार ओला करते. आई म्हणते हिला काहीतरी लागलं. (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : लागलं-बिगलं काही नाही जी. दूध पिताना पिल्लू मायच्या पोटाले असेच पंजे दाबते, त्यानं पान्हा सुटतो, हिची माय लवकर सुटली म्हणून सवय राहिली असंल. शिवाय पंजात वासाच्या ग्रंथी असतात, म्हणजे गोधडीच्या सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं समजा! मारू नका. फक्त धागे गिळत असंल तर गोधडी उचला, आतड्यात दोरा अडकला की उलट्या होतात, खाणं बंद होते, मग तडक जनावरांचा दवाखाना.