मुलांच्या गुणांवर गुरुजींचा पगार?

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. येत्या शिक्षण परिषदेत ‘विद्यार्थ्यांच्या निकालावर शिक्षकाचा पगार ठरावा’ हा विषय तू मांडणार आहेस. तुझा राग मला कळतो. शिक्षण सेवकाच्या १६,००० रुपये मानधनावर तू चार वर्ग एकटीने ओढतेस, आणि शेजारच्या वाडीतले गुरुजी उशिरा उगवतात, चारची एस.टी. गाठतात, तरी एक तारखेला त्यांच्या पगारात काही कमी येत नाही. हा अन्यायच आहे. पण त्यावर तू जो उपाय धरला आहेस, त्याचा पहिला फटका तुझ्याच वर्गातल्या मुलांना बसेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आपला पट बघ. तुझ्या चौथीत चार मुलं. परीक्षेच्या आठवड्यात एक तापाने पडलं की वर्गाचा निकाल शंभरावरून थेट पंचाहत्तर. शहरात साठ मुलांच्या वर्गात असे चढउतार जिरून जातात, वाडीवरच्या शाळेत ते सरळ तुझ्या पगारात उतरतील. तू तीच, शिकवणं तेच, आणि एका वर्षी बक्षीस तर दुसऱ्या वर्षी कपात.

मग मुलं कोणती, तेही बघ. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातल्या मुलाबद्दल तू दोन पानं लिहिलीस, ती मी पुन्हा वाचली. दिवाळीनंतर आला तेव्हा त्याला मराठीतलं ‘पाणी’ एवढंच कळत होतं. आता एस.टी.च्या पाटीवरचं गावाचं नाव बोट ठेवून, एकेक अक्षर लावून वाचतो, आणि जोडाक्षर आलं की तुझ्याकडे बघतो. चार महिन्यांत एवढं होणं ही मोठी गोष्ट आहे. पण चाचणीत तो नापासच दिसणार, आणि बाग संपली की कुटुंब निघून जाणार. उद्या पगार निकालावर गेला तर असं मूल दारात आल्यावर शाळा काय करेल? शिक्षण हक्क कायदा ‘नाही’ म्हणू देत नाही, पण ‘जूनमध्ये या’ असं गोड बोलून परत पाठवणं कुणाला जमत नाही? मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

हे नवं नाही. इंग्लंडात १८६२ मध्ये शिक्षण खातं सांभाळणाऱ्या रॉबर्ट लो यांनी शाळांचं अनुदान हजेरी आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेवर बांधलं. तपासनीस यायच्या आधी मास्तर वाचनाचं पुस्तकच मुलांकडून पाठ करून घेऊ लागले. शतक संपता संपता ती पद्धत सोडावी लागली. तीच रीत इंग्रज सरकारने आपल्याकडेही आणली. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी सांगितलं, की गरीब, अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवायला ही पद्धत कामाची नाही. अशा वस्तीत स्वतःहून शाळा काढणाऱ्या मास्तराचं पोटच भरणार नाही. त्याच निवेदनात शिक्षकाला किमान बारा रुपये पगार द्या, असंही त्यांनी मागितलं. परिषदेत हे जरूर सांग.

आणि अलीकडचं. २०१७ च्या शासन निर्णयात बारा आणि चोवीस वर्षांनी मिळणारी वरिष्ठ व निवड वेतनश्रेणी अशीच बांधली होती: शाळासिद्धीत, म्हणजे शाळांच्या सरकारी मूल्यमापनात, ‘अ’ श्रेणी हवी, माध्यमिकला नववी-दहावीचा निकाल ऐंशी टक्क्यांच्या वर हवा. नववीचा पेपर काढते शाळा, तपासतेही शाळाच. तो निकाल वर न्यायला शिकवावंच लागतं असं नाही. २०१९ मध्ये ती अट काढली गेली.

आपलं कोकण मंडळ दहावीत वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, याचा तुला अभिमान आहे, मलाही आहे. पण बागमांडल्याहून फेरीबोटीत बसून वेसवीला उतर. सावित्रीचं पाणी ओलांडलं की मुंबई मंडळ संपून कोकण मंडळ लागतं. बागमांडल्याचा मास्तर वेसवीच्या मास्तरापेक्षा कमी शिकवतो, असं तू म्हणशील का?

विरुद्ध बाजूचा पुरावा मात्र लपवू नकोस. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी २००५ पासून आंध्रच्या सरकारी प्राथमिक शाळांत असा प्रयोग केला, आणि मुलांचे गुण खरोखर वाढले, ज्या विषयांवर पैसे नव्हते त्यांतही वाढले. पण तिथे कुणाच्या पगाराला हात लावला नव्हता. वर थोडा बोनस होता, तोही मूल जिथे होतं तिथून किती पुढे सरकलं यावर, आणि चाचणी बाहेरच्यांनी घेतलेली. केनियात असाच प्रयोग झाला तेव्हा शिक्षकांची हजेरी सुधारली नाही, परीक्षेच्या तयारीचे जादा तास तेवढे वाढले, आणि योजना संपल्यावर गुणांतली वाढ टिकली नाही. तुझी मूळ तक्रार तर हजेरीचीच आहे!

म्हणून माझं म्हणणं असं, की दोन गोष्टी वेगळ्या कर. उशिरा येणाऱ्याचा प्रश्न वेळेचा आहे, तो वेळेच्या नियमाने सोडवायला लाव. हालचाल रजिस्टर, म्हणजे शिक्षकांच्या जाण्यायेण्याची नोंदवही, शाळा व्यवस्थापन समितीसमोर दर महिन्याला उघडावं, अशी मागणी कर; आयाबायांना कोण कधी येतं ते घड्याळाशिवाय ठाऊक असतं. आणि चांगल्या कामाची नोंद हवी असेल तर प्रत्येक मुलाची, दाखल झाल्या दिवसाची पातळी लिहून ठेवायची पद्धत आपल्या केंद्रातल्या शाळांत सुरू कर. पैसे मागायचेच असतील तर दुर्गम वाडीवर, चार वर्ग एका खोलीत घेणाऱ्यासाठी माग. तिथे कुणी टिकत नाही, हे बदल्यांच्या वेळी तू बघशीलच.

मसुदा आधी माझ्याकडे पाठव. त्या मुलाच्या पहिल्या महिन्यातल्या वहीचं पान आणि आत्ताचं पान, दोन्हीचे फोटो जोड. शेजारच्या गुरुजींचं नाव मात्र कुठेही घालू नकोस.

तुझा,
निवृत्त केंद्रप्रमुख