दंडावर रणगाड्याच्या चार पट्ट्या असलेला जर्मन सैनिक रणगाडा दलातला असतो का?

नाही, उलटंच आहे. तुम्ही विचारलंय की दुसऱ्या महायुद्धातल्या एका फोटोत उजव्या दंडावर, एकाखाली एक, रणगाड्याचं चित्र असलेल्या चार पट्ट्या दिसतात, म्हणजे तो रणगाडा चालवणारा असेल का. तो बहुधा पायदळातला, आणि त्याने शत्रूचे चार रणगाडे एकट्याने निकामी केलेत. एका रणगाड्याला एक पट्टी, असा सरळ हिशोब होता. मी १:३५ मापाचे छोटे प्रतिकृती-सैनिक रंगवतो. माझ्या पहिल्याच पुतळ्याला मी हीच पट्टी डाव्या दंडावर चिकटवली होती, तेव्हा तुमचा गोंधळ समजू शकतो.

ही पट्टी ९ मार्च १९४२ रोजी सुरू झाली, पण रशियावरच्या स्वारीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे २२ जून १९४१ पासूनची कामगिरी तिच्यासाठी धरली गेली. ही मागची तारीखच सगळं सांगून जाते. १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन पायदळाची गाठ टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याशी पडली. त्याचं पुढचं चिलखत ४५ मिलिमीटर आणि तेही चांगलंच तिरकं. पायदळाची ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ त्याच्यापुढे इतकी निरुपयोगी ठरली की खुद्द जर्मन सैनिक तिला 'दार ठोठावायचं यंत्र' म्हणू लागले. मग उरलं काय? एका हातगोळ्याच्या दांड्याभोवती आणखी सहा गोळ्यांची डोकी तारेने बांधायची, खड्ड्यात दबून राहायचं आणि रणगाडा जवळ आला की तो जुडगा इंजिनावर किंवा चाकांवरच्या लोखंडी साखळीखाली टाकायचा. पुढे तीन चुंबकांचा, साधारण तीन किलोचा स्फोटक आला. तो तर हाताने चिलखताला चिकटवून यावा लागे! मला विचाराल तर शौर्याची ही पट्टी म्हणजे तोफ कमी पडल्याची कबुलीही आहे. म्हणूनच तोफेवरच्या माणसांनी रणगाडा फोडला तर ती मिळत नसे. काम एकट्याने आणि हातातल्या शस्त्राने झालेलं हवं.

१९४३ च्या उत्तरार्धात पँझरफाउस्ट आलं आणि हे काम थोडं माणसात आलं. एकदा वापरून टाकून द्यायची लोखंडी नळी, पुढे भलंमोठं डोकं. त्यातल्या स्फोटकाला पुढून शंकूसारखी पोकळी आणि तिला धातूचं पातळ अस्तर असतं. स्फोट झाला की त्या अस्तराचा बारीक, वेगवान झोत होऊन तो चिलखतात घुसतो. त्यामुळे गोळा किती वेगाने आदळतो याला फारसं महत्त्व नाही. सुमारे २०० मिलिमीटर पोलाद ते फोडायचं. नावापुढचे ३०, ६०, १०० हे आकडे पल्ल्याचे, तेही मीटरमध्ये. आपल्या गल्लीचं एक टोक ते दुसरं टोक, एवढ्यावरून रणगाड्यावर नेम धरायचा! शिवाय नळीच्या मागून आगीचा लोळ निघायचा. मागे भिंत असेल तर चालवणारा स्वतःच भाजायचा, म्हणून नळीवरच लाल अक्षरांत आगीची सूचना छापलेली असे. पँझरश्रेक हे वेगळं शस्त्र. ते अमेरिकन बझूकावरून, म्हणजे खांद्यावरून रॉकेट डागायच्या नळीवरून बेतलेलं, ८८ मिलिमीटरचं आणि पुन्हा पुन्हा भरता येणारं.

आता तुमच्या फोटोतल्या चार पट्ट्या. त्या चंदेरी असणार, वर-खाली काळी किनार. १८ डिसेंबर १९४३ पासून पाच रणगाड्यांसाठी सोनेरी पट्टी आली, म्हणजे पाचवा फोडला की चार चंदेरी काढून एक सोनेरी लावायची. ग्युंथर फीझेन्झ या अधिकाऱ्याच्या नावावर २१ रणगाडे आहेत. त्याच्या दंडावर चार सोनेरी आणि एक चंदेरी. हा या प्रकारातला सर्वात मोठा आकडा मानला जातो.

छातीवर डाव्या बाजूला रायफलचा अंडाकृती बिल्ला दिसतोय का तेही पाहा. तो पायदळाच्या हल्ल्याचा, तीन वेगवेगळ्या दिवशी तीन हल्ल्यांत भाग घेतल्यावर मिळणारा. तो असेल तर माणूस पायदळाचाच. आणि फोटोखाली कुणी 'स्टालिनग्राड' लिहिलं असेल, शिवाय हातात पँझरफाउस्ट असेल, तर ती ओळ खोडून टाका. ते शस्त्र आघाडीवर पोहोचायच्या कितीतरी आधी, फेब्रुवारी १९४३ मध्येच, तिथली लढाई संपली होती.