जुनी पिकअप, नवे कर्ज आणि राहून गेलेला विमा

निफाड तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे वय ४१. त्यांच्या मालकीची २०१४ सालची बोलेरो पिकअप ते स्वतःच चालवतात. हंगामात द्राक्षांचे क्रेट आणि एरवी कांदा, टोमॅटो, कोबी भरून पिंपळगाव, नाशिक आणि वाशीच्या बाजारात त्यांच्या फेऱ्या असतात. जानेवारीत पहाटेच्या धुक्यात, मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी आदळली आणि पुढचा भाग चेपला. कंपनीच्या वर्कशॉपने १ लाख ९० हजारांचे एस्टिमेट दिले आहे, तर ओळखीच्या गॅरेजवाल्याने सव्वा लाखाचे. नव्या गाड्या विकणारा डीलर म्हणतो की जुन्या गाडीत पैसे घालू नका. दीड लाख भरून साडेदहा लाखांची नवी पिकअप घ्या, पाच वर्षे महिन्याला साडेएकोणीस हजारांचा हप्ता पडेल, आणि नवी गाडी असली की एखाद्या कंपनीचे कायमचे काम लागेल. बँकेत ९० हजार आहेत आणि पत्नीचे सहा तोळे सोने आहे. दुरुस्ती करावी की नवी गाडी घ्यावी, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

पत्राला एक ता. क. जोडलेला आहे. ऑक्टोबरमध्ये मुलांच्या शिक्षणाच्या पॉलिसीचा ६० हजारांचा हप्ता भरल्यामुळे नोव्हेंबरमध्ये संपलेला गाडीचा विमा भरायचा राहून गेला. ट्रॉलीवर बसलेल्या एका ऊसतोड मजुराचा हात मोडला होता. ते प्रकरण ३५ हजार रुपये देऊन स्टँपपेपरवर आपसात मिटवले. 'विमा असता तर दुरुस्तीचा सगळा खर्च निघाला असता, एवढीच हळहळ वाटते,' असे वाक्य लिहून त्यांनी पत्र संपवले आहे.

स. न. वि. वि.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते फारसे अवघड नाही. गाडी दुरुस्त करा आणि ओळखीच्या गॅरेजमध्येच करा. आहे त्या स्थितीत आपल्या गाडीला ८० हजार मिळतील आणि दुरुस्त होऊन फिटनेस प्रमाणपत्र असलेल्या गाडीला अडीच लाखांच्या वर, असे आपणच लिहिले आहे. म्हणजे सव्वा लाख घालून किंमत पावणेदोन लाखांनी वाढते. २०२९ साली गाडीला १५ वर्षे पूर्ण होतील आणि त्यानंतर फिटनेसचे शुल्क अनेक पटींनी वाढते, म्हणून तिच्याकडून आपण आणखी साडेतीन वर्षांचेच काम धरू. सव्वा लाख साडेतीन वर्षांत विभागले तर महिन्याला तीन हजार पडतात. नव्या गाडीचा हप्ता साडेएकोणीस हजार आहे.

नव्या गाडीच्या बाजूनेही हिशेब मांडून पाहिला. आपण हंगामाच्या आठ महिन्यांत खर्च वजा जाता सुमारे ३८ हजार आणि उरलेल्या चार महिन्यांत १५ हजार मिळवता, म्हणजे वर्षाला साडेतीन लाखांच्या थोडे वर. नव्या गाडीमुळे डिझेल आणि दुरुस्तीत वर्षाला ८० हजार वाचतील, असे उदारपणे धरले. कर्जाचे हप्ते २ लाख ३४ हजार, आणि सर्वसमावेशक विम्याचे आजच्यापेक्षा निदान २५ हजार जास्त. घरात उरतात १ लाख ८५ हजार, म्हणजे महिन्याला जेमतेम पंधरा हजार, आणि तेही एकही हंगाम गारपिटीने गेला नाही तर. डीलर ज्या 'कंपनीच्या कामा'बद्दल बोलतो त्याचा एकही कागद आपल्याला दाखवलेला नाही. ज्याला गाडी विकायची आहे त्याच्या तोंडच्या आश्वासनावर पाच वर्षांचे कर्ज उभे करू नये.

मात्र सव्वा लाखाच्या आकड्याला दोन अटी आहेत. आपण पाठवलेल्या छायाचित्रात रेडिएटर मागे सरकून पंख्यावर दाबला गेलेला दिसतो आणि त्याच्या जाळीवर पात्यांनी कोरलेली अर्धवर्तुळे स्पष्ट आहेत. म्हणजे धडकेनंतरही इंजिन काही वेळ चालू होते. त्या अवस्थेत आपण गाडी घरापर्यंत चालवत आणली असेल, तर इंजिन तापून त्याचे हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधले सील) गेले आहे का हे आधी तपासून घ्या. ते काम एस्टिमेटमध्ये नाही. दुसरी अट चॅसीची, म्हणजे गाडीच्या मूळ लोखंडी चौकटीची. बंपर, शो, बोनेट, मडगार्ड आणि हेडलाइट बदलता येतात, पण चॅसीची पुढची टोके वाकली असतील तर गाडी कायम एका बाजूला ओढत राहील आणि टायर खात राहील. मिस्त्रीला समोर उभे करून चॅसीचे दोन्ही कर्ण टेपने मोजायला लावा. मापात फरक आला तर चॅसी सरळ करण्याचा खर्च आधी लेखी घ्या आणि मगच कामाला हात लावू द्या. गाडी उघडल्यावर एस्टिमेट वाढतेच, म्हणून मनाशी दीड लाखाची मर्यादा ठेवा. पावणेदोनच्या वर आकडा जाऊ लागला तर आहे त्या स्थितीत विकून चार-पाच वर्षे जुनी दुसरी पिकअप शोधणे बरे. बोनेट आणि मडगार्ड कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आणले तरी चालेल. स्टिअरिंग आणि ब्रेकचे पार्ट मात्र नवेच बसवा.

आता त्या ता. क. कडे वळतो, कारण माझी खरी काळजी तिथे आहे.

विमा असता तर सगळा खर्च निघाला असता, ही आपली समजूत चुकीची आहे. दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, प्लास्टिक आणि रबराच्या भागांवरही ५० टक्के. शिवाय मालवाहू गाड्यांच्या पॉलिसीत एक कलम असते, जे विकताना क्वचितच कोणी वाचून दाखवतो: दिवे, टायर, मडगार्ड, बोनेट, बंपर आणि रंगकाम यांचे नुकसान गाडी पूर्ण निकामी झाल्याखेरीज भरून मिळत नाही. ते हवे असेल तर 'आयएमटी २३' नावाची जोड वेगळा हप्ता देऊन घ्यावी लागते. समोरून बसलेल्या धडकेत तुटते ते नेमके हेच. म्हणजे ही जोड नसलेली सर्वसमावेशक पॉलिसी चालू असती, तरी सव्वा लाखांपैकी पंचवीस-तीस हजारांहून जास्त हाती आले नसते. त्या पैशांची हळहळ सोडून द्या.

आपण गमावले ते थर्ड पार्टीचे संरक्षण, आणि त्याबद्दल पत्रात एक शब्दही नाही. आपल्या वजनाच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता सुमारे १६ हजार रुपये आहे, वर जीएसटी. या रकमेत विमा कंपनी इतर माणसाच्या मृत्यूची किंवा जखमेची भरपाई कोणत्याही कमाल मर्यादेशिवाय स्वतःवर घेते. त्या पहाटे ट्रॉलीवरच्या मजुराचा हात मोडला. तो खाली पडून दगावला असता तर काय झाले असते, हे मांडून दाखवतो, कारण ही रक्कम किती मोठी असते याची कल्पना बहुतेक गाडीमालकांना नसते. समजा, तीस वर्षांचा माणूस, महिन्याची कमाई २० हजार, घरात बायको, आई आणि दोन मुले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे त्या कमाईत पुढील वाढीचे ४० टक्के मिळवतात, म्हणजे २८ हजार. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करतात, म्हणजे २१ हजार. त्याला बारा महिन्यांनी आणि वयानुसार ठरलेल्या १७ ने गुणतात. उत्तर येते जवळपास ४३ लाख. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता म्हणून दोषाचा काही वाटा ट्रॉलीवाल्याकडे गेला असता, तरी उरलेली रक्कम विमा नसल्यामुळे आपण स्वतः द्यायची होती. न दिल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या दाखल्यावरून जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतात. सातबाऱ्यावरील आपले दोन एकर त्या वसुलीपुढे उभे राहिले असते. सोळा हजारांसाठी ही जोखीम आपण दोन महिने रोज रस्त्यावर घेऊन फिरत होता.

हे आपल्याला टोचण्यासाठी लिहीत नाही. प्रकरण अजून पूर्ण संपलेले नाही म्हणून लिहितो. आपसातला स्टँपपेपर म्हणजे दाव्याचे दार कायमचे बंद झाले असे समजू नका. हात नीट जुळला नाही आणि त्या माणसाला कोयता धरता आला नाही, तर तो न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, आणि त्याने जावे हा त्याचा हक्कच आहे. अपघात दाव्यांचे काम करणाऱ्या एखाद्या वकिलाला तो कागद, दवाखान्याची बिले आणि अपघाताची पोलिसांत झालेली किंवा न झालेली नोंद, सगळे दाखवा. त्याच्या पुढच्या उपचाराला पैसे लागले तर द्या आणि दिल्याची पावती ठेवा.

आणि हा विमा राहिला कशामुळे, तर मुलांच्या पॉलिसीमुळे. तिची कागदपत्रे आपण सोबत जोडली आहेत ते बरे केले. वर्षाला ६० हजार, वीस वर्षे, विमा रक्कम ११ लाख. एजंटने आपल्याला '२१ लाख मिळणार' असे सांगितले. तक्त्यात मात्र दोन स्तंभ आहेत: ८ टक्क्यांच्या गृहीतकाखाली २१ लाख आणि ४ टक्क्यांच्या गृहीतकाखाली १४ लाख. दोन्हींची हमी नाही. आपण भरणार १२ लाख. वरचा आशावादी आकडा हाती आला तरी परतावा ५ टक्क्यांच्या आसपास बसतो, खालचा आला तर दीड टक्का. आणि महागाई ६ टक्के धरली, तर २०४३ सालच्या २१ लाखांत आजच्या साडेसात लाखांइतकेच घेता येईल. ज्या माणसाची वर्षाची कमाई साडेतीन लाख आहे आणि तीही हंगामावर अवलंबून आहे, त्याच्या गळ्यात साठ हजारांचा वीस वर्षांचा हप्ता घालणे हा विक्रेत्याचा बेजबाबदारपणा आहे. असे प्रकार मी वारंवार पाहतो आणि दर वेळी मला संताप येतो. कमाईचा सहावा हिस्सा या पॉलिसीत जातो, आणि उद्या आपल्याला काही झाले तर घराला तीन वर्षांच्या कमाईएवढेच पैसे मिळतात.

तीन हप्ते भरून झाले आहेत. आता पॉलिसी मोडली तर भरलेल्या १ लाख ८० हजारांपैकी साधारण ६५ हजार परत मिळतील, म्हणून ती मोडू नका. ऑक्टोबरचा हप्ता न भरता ती पेड-अप करून घ्या, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि पॉलिसी मात्र चालू. विमा रक्कम प्रमाणात कमी होईल आणि जमा बोनससह सुमारे पावणेतीन लाख २०४३ मध्ये मिळतील. 'एवढे भरले तर पुढेही भरा,' असे एजंट सांगेल. पुढचे सतरा हप्ते भरून वरच्या स्तंभातली रक्कम मिळाली, तरी त्या सतरा हप्त्यांवरचा परतावा ६ टक्क्यांच्या घरात जातो. पीपीएफ आज ७.१ टक्के देते, तोही करमुक्त, आणि एखाद्या वर्षी फक्त पाचशे रुपये भरले तरी खाते चालू राहते. हंगामावर जगणाऱ्या घराला ही सवलत फार मोलाची आहे.

मोकळ्या होणाऱ्या ६० हजारांतून सर्वांत आधी सोळा-सतरा हजार दरवर्षी थर्ड पार्टीसाठी बाजूला ठेवा आणि त्यासोबत मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण घ्या. ते काहीशे रुपयांत मिळते आणि आपण स्वतः गाडी चालवता, म्हणून ते टाळू नका. त्यानंतर ६० व्या वर्षापर्यंतचा ५० लाखांचा साधा मुदत विमा घ्या, साधारण दहा ते पंधरा हजारांत बसेल. अर्जात तंबाखूची सवय लपवू नका. हप्ता वाढला तरी चालेल, पण खोटे उत्तर दिले तर दावा नाकारायला तेवढे कारण पुरते. बँक खात्यातून ४३६ रुपयांची जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजनाही सुरू करा. उरलेले पंचवीस-तीस हजार मुलांसाठी पीपीएफमध्ये जाऊ द्या.

दुरुस्तीच्या पैशांसाठी बँकेतले ९० हजार आणि सोन्यावर ७५ हजारांचे कर्ज पुरेल. बँकेच्या दराने सहा महिन्यांचे व्याज चार हजारांच्या आसपास होईल आणि द्राक्षांच्या भाड्यातून ते कर्ज फिटावे. पतसंस्थेचे महाग कर्ज घेऊ नका. गाडी उभी असण्याने दिवसाला हजार रुपये बुडतात, त्यामुळे वर्कशॉपचे सहा आठवडे आपल्याला परवडणारे नाहीत, हेही गॅरेज निवडण्याचे एक कारण आहे.

थर्ड पार्टीचा विमा गाडी गॅरेजबाहेर काढण्याच्या आधीच घ्या. त्यासाठी सहसा गाडीची तपासणी लागत नाही. मिस्त्री ट्रायल म्हणून चौकापर्यंत चक्कर मारतो, ती चक्करसुद्धा विम्याशिवाय होऊ देऊ नका. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागते, तेव्हा त्याची तारीखही पाहून घ्या. चॅसीच्या दोन्ही कर्णांची मापे, वकिलाने काय सांगितले ते, आणि त्या मजुराचा हात आता कसा आहे, हे कृपया कळवा.