सी ड्राइव्ह लाल झालाय, लाइटरूममधलं काय उडवू?

प्रश्न : दादा, मी कोथरूडला राहते, सुट्टीला पहाटे पक्ष्यांचे फोटो काढायला कवडीपाट नाहीतर भिगवण गाठते. परवा भिगवणहून फ्लेमिंगोंचे १४०० रॉ (कॅमेऱ्यातले कच्चे, मोठ्या आकाराचे) फोटो आणले आणि लाइटरूम क्लासिक हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर बसलंच, झूम केलं की नुसतं लोडिंग. लॅपटॉपला २५६ जीबीचा एसएसडी, सी ड्राइव्ह लाल म्हणजे जवळजवळ भरलेला, फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर. आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणतो कॅशे (तात्पुरता डेटा ठेवायची जागा) वाढव, दुसरा म्हणतो कॅटलॉगचा फोल्डरच उडव. काय करू?

उत्तर : ताई, तो फोल्डर कृपा करून उडवू नका! त्यातली एलआरकॅट फाइल म्हणजे कॅटलॉग, तुमचं एडिटिंग, स्टार, कीवर्ड सगळं तिच्यात. माझ्या एका मित्राने जागा करायला असंच केलं, फोटो जागेवर राहिले पण तीन वर्षांचं एडिटिंग गेलं, त्याचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

तिथेच बॅकअप्स नावाचा फोल्डर आहे तो आधी बघा. लाइटरूम बंद करताना बॅकअप विचारतं, आपण हो म्हणतो, आणि जुने बॅकअप आपोआप जात नाहीत, साठत राहतात. शेवटचे दोन-तीन ठेवा, एक हार्ड डिस्कवर कॉपी करा, बाकीचे काढा. बरीच जागा सुटेल.

आता स्पीड. तुम्ही लायब्ररीत, म्हणजे फोटो चाळायच्या भागात, झूम करत असाल तर रॉ कॅशे वाढवून काहीच फरक पडणार नाही, तो डेव्हलपमध्ये, म्हणजे एडिटिंगच्या भागात, कामाला येतो, लायब्ररीत लागतात प्रिव्ह्यू, म्हणजे फोटोची आधीच बनवून ठेवलेली चित्रं. पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस बसलाय का हे १४०० वेळा बघायचं तर १:१ म्हणजे पूर्ण आकाराचे प्रिव्ह्यू हवेत, पण ते जागा खूप खातात. म्हणून पुढच्या वेळी इम्पोर्ट करताना प्रिव्ह्यूच्या पर्यायात एम्बेडेड अँड साइडकार निवडा, कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला जेपेग दिसतो, भराभर छाटणी होते, मग जे शे-दीडशे उरतील त्यांचेच १:१ रात्री बनवायला लावून झोपा, हार्ड डिस्क आणि चार्जर जोडून, लॅपटॉप स्लीपला जाणार नाही एवढं बघा. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये फाइल हँडलिंगला १:१ प्रिव्ह्यू ३० दिवसांनी काढायचं असतं, ते एक आठवडा करा.

डेव्हलपमध्येपण अडकत असेल तर प्रेफरन्सेसमधलं परफॉर्मन्स उघडा. कॅशे सुरुवातीला ५ जीबीच असतो, तो २० करा, पण आधी जागा मोकळी करून, कारण गच्च भरलेल्या एसएसडीवर सगळंच रखडतं. आणि जागा नाही म्हणून कॅशे त्या फिरत्या हार्ड डिस्कवर हलवू नका, उलट हळू होईल. कॅशे रिकामा करणारं पर्जचं बटण बिनधास्त दाबा, एडिटिंगला धक्का लागत नाही.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडतात ते स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे मूळ फोटोच्या एडिट करता येणाऱ्या छोट्या कॉपी. लांब बाजू २५६० पिक्सेल, हार्ड डिस्क न जोडताही एडिट होतं. परफॉर्मन्समध्येच मूळ फोटोऐवजी स्मार्ट प्रिव्ह्यू वापरायची टिक आहे, ती लावली की स्लायडर लगेच ऐकतात. फक्त पिसांचं शार्पनिंग आणि नॉइज तपासताना टिक काढा आणि डिस्क जोडून मूळ फोटोवरच बघा.